उसने मलम



आश्विनात देऊळगाव राजाला बालाजी महाराजांची यात्रा भरते, तेव्हा सिंदखेडच्या, चिखलीच्या आणि जालन्याच्या वाटेने माणसांची रीघ लागते. यात्रेच्या दिवसांत माझा दवाखाना ओस असतो आणि यात्रा उलगली म्हणजे दुपटीने भरतो. याचे कारण सरळ आहे. घरोघर पाहुणे उतरतात, अंथरुणे एक होतात, पंचे एक होतात, आणि एका घरची खाज दुसऱ्या घरी मुक्कामास जाते. परंतु तिच्या जोडीने आणखी एक वस्तू या घरून त्या घरी जाते आणि ती मला खाजेहून अधिक भयंकर वाटते. ती वस्तू म्हणजे अर्धी वापरलेली मलमाची ट्यूब. साखर किंवा विरजण उसने आणावे तशी ती आणली जाते, आणि देणाऱ्याला आपण पुण्य केले असे वाटते. आज मला जे सांगावयाचे आहे ते बहुतेक या ट्यूबेविषयीच आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. मी त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. तालुक्याच्या गावी तापखोकल्यापासून मोडलेल्या हातापर्यंत जे येईल ते पाहणारा मी साधा डॉक्टर आहे. तज्ज्ञाकडे केव्हा पाठवावे हे ज्याला चुकतमाकत शिकावे लागले अशा माणसाचे हे बोलणे आहे, एवढे ध्यानात ठेवून ते ऐकावे.

एक उदाहरण घ्या. नावगावाची जरुरी नाही. आमच्या तालुक्यात अलीकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन पुष्कळ होते. जालन्याच्या बियाणे कंपन्यांसाठी मिरची, टोमॅटो, काकडी यांच्या फुलांचे परागीकरण हाताने करावे लागते आणि त्या नाजूक कामाला बहुधा मुली आणि बाया जातात. जाळीच्या आत वारा खेळत नाही. ऊब आणि दमटपणा मात्र भरपूर असतो. अशा कामावर जाणारी एकोणीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. कमरेभोवती, पोटावर आणि जांघेत तिला नायटा झालेला होता. नायटा म्हटला म्हणजे त्याची एक ओळख असते. गोल चट्टा, कडेला उठावदार तांबूस कंगोरा आणि मध्ये बरी होत आलेली कातडी; म्हणून तर आपण त्याला गजकर्ण असेही म्हणतो. या मुलीच्या अंगावर ती ओळख राहिलेली नव्हती. चट्टे एकमेकांत मिसळून गेलेले, कडा पुसट झालेल्या, आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस, गरोदर बाईच्या पोटावर उमटतात तशा जांभळट रेघा.

"काय लावता?" मी विचारले. आईने पिशवीतून पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब काढली.

"हे कोणी दिले?"

"शेजारच्या वहिनीनं. तिला चार दिवसांत गुण आला होता, साहेब."

"आणि वहिनीचे आता कसे आहे?"

मायलेकी एकमेकींकडे पाहू लागल्या. मग आई हळूच म्हणाली, "तिचंबी परत उठलं."

मुलगी आठ महिने हे मलम लावीत होती. लावले की दोन दिवसांत खाज थांबे, आठवड्यात लाली जाई. सोडले की पंधरवड्यात पहिल्याहून मोठा चट्टा उठे. मग पुन्हा ट्यूब. मध्यंतरी धाकट्या भावाला झाले, मग आईला. तिघांनी मिळून एकच ट्यूब चालविली. तिच्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि पाहुण्यांसमोर बसले असता मधूनच कंबर खाजविण्याची वेळ येऊ नये, यासाठी ती बोलणीच्या दिवशी सकाळी दोनदा मलम लावून बसत असे.

त्या ट्यूबेत काय होते? तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत तीन औषधांची नावे होती. एक बुरशी मारणारे, एक जंतू मारणारे आणि तिसरे क्लोबेटासॉल. हे तिसरे औषध म्हणजे स्टेरॉइड, आणि त्वचेवर लावावयाच्या स्टेरॉइडांमध्ये सर्वांत तीव्र असलेल्यांपैकी एक. नायटा ही बुरशीची वस्ती आहे. ही बुरशी कातडीच्या वरच्या, मृत थरावर जगते. शरीर तिला ओळखते, तिच्यावर चालून जाते, आणि त्या झटापटीतून लाली आणि खाज उत्पन्न होते. स्टेरॉइड बुरशीला काही करीत नाही. ते शरीराची चढाई थांबविते. दारात चोर आला म्हणून कुत्रा भुंकत असावा आणि धन्याने झोपमोड होते म्हणून कुत्र्याचेच मुसके बांधावे, तसा हा प्रकार होय. घरात शांतता होते यात संशय नाही. चोरही सावकाश हात मारतो. मिश्रणातले बुरशीचे औषध बिचारे एकटे पडते, कारण लाली गेली की रुग्ण चौथ्या दिवशी ट्यूब फळीवर ठेवून देतो आणि बुरशी मरावयास तर कित्येक आठवडे लागतात. १९६८ साली इंग्लंडमधील आइव्ह आणि मार्क्स या दोन डॉक्टरांनी स्टेरॉइडाने रूप पालटलेल्या अशा नायट्याचे वर्णन करून त्याला 'टिनिया इन्कॉग्निटो' असे नाव दिले. म्हणजे वेषांतर केलेला नायटा. ते नाव इतके समर्पक आहे की आमच्या तालुक्यात अर्ध्या नायट्यांना ते शोभेल.

स्टेरॉइड ही वस्तू मुळात वाईट आहे असा मात्र ग्रह करून घेऊ नका. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन टोचले आणि अंथरुणास खिळलेले माणूस चालू लागले. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन या तिघांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ पासून या जातीची औषधे कातडीवर लावण्यास प्रारंभ झाला, आणि इसब, सोरायसिस यांसारख्या दुखण्यांत ती खरोखर अमृताप्रमाणे उपयोगी पडतात. परंतु कोणते, किती तीव्र, अंगाच्या कोणत्या भागाला आणि किती दिवस, हे सारे ठरवावे लागते. जांघेची आणि चेहऱ्याची कातडी पातळ असते, तळपायाची जाड. तळपायाला जे मानवते तेच जांघेत दोन महिने लावले तर कातडी विरलेल्या धोतरासारखी होते आणि तिच्यावर त्या जांभळट रेघा पडतात. त्या रेघा कालांतराने फिकट होतात, पण जात नाहीत.

चेहऱ्याविषयी तर बोलवत नाही. वांग जावेत, रंग उजळावा म्हणून मुली महिनोन्‌महिने अशी मिश्रणे तोंडास लावतात. प्रथम चेहरा उजळतो, हे खरेच आहे, आणि म्हणूनच घात होतो. मग उन्हात जाताच आग होऊ लागते, बारीक शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या उठतात, हनुवटीवर लव येते, आणि मलम सोडावे तर तोंड लालबुंद होऊन फुगते. दारूच्या व्यसनाची आणि याची जात एकच.

अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येऊ नयेत म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने चौदा प्रकारच्या त्वचेवरील स्टेरॉइडांची पूर्वीची सवलत काढून घेतली. नियम झाला. पण आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मेडिकलच्या फळीपुढे उभे राहून "खाजेचे काहीतरी द्या" म्हणणारा माणूस पाहिला म्हणजे नियम आणि फळी यांतले अंतर कळते. मी सगळा दोष दुकानदारावर ठेवीत नाही. रोजंदारी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून, तज्ज्ञाच्या दारात दोन तास बसण्यापेक्षा फळीवरची ट्यूब स्वस्त वाटते. आणि आमच्यातलेच कित्येक डॉक्टर न पाहता तीच ट्यूब लिहून देतात, हेही मला कबूल केले पाहिजे.

या सवयीचा परिणाम आता आपल्या अंगणापुरता राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत भारतात नायट्याची जी हट्टी जात पसरली, तिला २०२० साली जपानी संशोधकांनी 'ट्रायकोफायटन इंडोटिनिए' असे नाव दिले. त्या नावात इंडिया आहे, आणि ते काही भूषण नव्हे. टर्बिनाफिन नावाच्या ज्या गोळीने पूर्वी नायटा हमखास जाई, तिला ही जात पुष्कळदा दाद देत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमधील दोन स्त्रियांना हा नायटा झाल्याची नोंद अमेरिकेच्या आरोग्यखात्याने प्रसिद्ध केली. त्यांतली एक बांगलादेशात असताना आजारी पडली होती. दुसरीने अलीकडे परदेश प्रवासच केला नव्हता. ही बुरशी एवढी का बळावली याची जी कारणे जाणकार देतात, त्यांत आपल्या या मिश्र मलमांचे नाव अग्रभागी आहे.

त्या मुलीला मी जालन्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविले. तेथे त्यांनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा काचेवर खरवडून घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काही मिनिटांचे काम. बुरशीचे धागे स्पष्ट दिसले. घरातल्या तिघांवर एकाच वेळी उपचार सुरू झाले, कपडे वेगळे धुऊन कडक उन्हात वाळविण्यास सांगण्यात आले, पंचे वेगळे झाले. चट्टे गेल्यावरही औषध थांबवावयाचे नाही, हे तिला दोनदा बजावले होते. तीन महिने लागले.

आता, खाजणारे सर्वच काही नायटा नव्हे. यात्रेनंतर माझ्याकडे येणारी बरीच खाज ही खरजेची असते. खरूज हा किड्याचा रोग आहे. डोळ्यांस जेमतेम दिसेल न दिसेल, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा हा प्राणी. त्याची मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, काखेत पुटकुळ्या येतात आणि रात्री अंथरुणात पडले की खाज असह्य होते. घरात दोघातिघांना एकदम खाज आणि तीही रात्री, असे ऐकले की माझ्या मनात पहिला संशय खरजेचा येतो. पहिल्या खेपेस खाज सुरू व्हावयास चार ते सहा आठवडे लागतात, आणि म्हणूनच ज्याला आज काहीच होत नाही तोही ती दुसऱ्याला देत असतो. औषध गुणकारी आहे; पण ते मानेपासून तळपायापर्यंत सर्वांगास, घरातल्या प्रत्येकाने, एकाच रात्री लावावयाचे असते आणि सहसा आठवड्याने पुन्हा एकदा. लहान मुलांचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. एकट्या धाकट्याला चोळून बाकीचे मोकळे राहिले, तर पंधरा दिवसांनी सारे पूर्ववत्. शिवाय किडे मेल्यावरही खाज दोनचार आठवडे रेंगाळते. लोकांना वाटते औषध लागू पडले नाही, आणि मग पुन्हा ती ट्यूब बाहेर येते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला जगातील उपेक्षित रोगांच्या यादीत घातले. उपेक्षा खरी आहे. खरूज झाली हे सांगण्याची लाज जितकी आहे तितकी दमा झाल्याचे सांगण्याची नाही.

आपल्याकडे कातडीवर काहीही उठले की दोन निदाने तयार असतात. एक "उष्णता झाली" आणि दुसरे "रक्त बिघडले". या दोन शब्दांनी माझी जितकी वर्षे खाल्ली तितकी कोणत्याही रोगाने खाल्ली नसतील. बांधावर गाजरगवत उपटणाऱ्या शेतकऱ्याच्या पापण्या सुजतात, मानेची आणि कोपराच्या खळगीची कातडी जाड, काळसर होते. तो दोन उन्हाळे सब्जा आणि गुलकंद खात राहतो. १९५६ साली पुण्याहून ज्याची नोंद झाली ते हे परदेशी गवत आज प्रत्येक धुऱ्यावर आहे, आणि त्याचा नुसता वाऱ्याने आलेला अंशही काही माणसांच्या कातडीला सोसत नाही. येथे उपाय रक्तशुद्धीचा नव्हे, गवतापासून दूर राहण्याचा आहे. बिब्ब्याचे तेच. सांधा दुखला, भोवरी झाली, की बिब्बा लावावयाचा, आणि तो उतला म्हणजे फोडांनी भरलेला हात घेऊन माझ्याकडे यावयाचे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर चमत्कारिक चट्टे उठू लागले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी शोध केला. परटाने कपड्यांवर खूण करण्यासाठी वापरलेला बिब्बा त्याच्या मुळाशी निघाला. एवढ्याशा खुणेने सैनिक हैराण होतो, आणि आपण मात्र तो गुडघ्याला लेपतो!

नागिणीची गोष्ट याहून गंभीर आहे. एका कुशीवर, पट्ट्यासारखे पाण्याचे फोड उठतात, आग होते, आणि घरची वडील माणसे म्हणतात की नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो. मग तिचे तोंड बंद करण्यासाठी लेप, मंत्र, क्वचित डागणेसुद्धा. खरे पाहता नागीण म्हणजे लहानपणी आलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे निजून राहतो आणि वय झाले किंवा प्रकृती खालावली म्हणजे एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला जातो, मध्यरेषा ओलांडीत नाही. तेव्हा तोंड शेपटीला मिळण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नाही. यावर विषाणूविरोधी गोळ्या आहेत; फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत त्या सुरू झाल्या तर उत्तम. हे तीन दिवस आपण लेपात घालवितो, आणि मग म्हाताऱ्या माणसाला फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने ठणका सोसावा लागतो. नागीण कपाळावर, डोळ्याजवळ आली असेल तर एक दिवसही थांबू नये. तेथे दृष्टीचा प्रश्न आहे.

येथवर खाजणाऱ्या आणि दुखणाऱ्या गोष्टी झाल्या. परंतु जो रोग खाजत नाही आणि दुखतही नाही, त्याने मला आयुष्यातला मोठा धडा दिला, आणि तो सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एक गवंडी माझ्याकडे आला. उजव्या हाताच्या कोपराखाली रुपयाएवढा फिकट डाग. खाजतो का? नाही. दुखतो का? नाही. बाहेर दहा रुग्ण बसलेले. मी म्हणालो, "शिबे आहे," आणि एक मलम लिहून दिले. त्या डागावर कापसाचा बोळा टेकवून, डोळे मिटवून "कळते का?" एवढे विचारावयास मला अर्धे मिनिट पुरले असते. ते मी विचारले नाही. तीन वर्षांनी तो परत आला तेव्हा त्याच्या बोटांवर विडीचे चटके होते, आणि ते केव्हा बसले हे त्याला ठाऊक नव्हते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळलेले. कोपराच्या मागची शीर चाचपली तर दोरीसारखी जाड लागली. थापी हातात धरता येत नाही, असे तो म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे, चौकशी केल्यासारखे म्हणाला. मी काय उत्तर द्यावे?

तो कुष्ठरोग होता. सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणारी बहुविध औषधे त्याने बारा महिने नेमाने घेतली आणि रोग समूळ गेला. हात गेला तो गेला. आत वळलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करता येतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी त्या शास्त्राचा पाया घातला. पण दवाखान्यात राहिले तर गावात बोभाटा होईल या भयाने तो गेला नाही. पहिल्या भेटीतच मी ओळखले असते तर सहा महिन्यांच्या औषधात काम झाले असते आणि थापी सुटली नसती.

१८७३ साली नॉर्वेत हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला, तेव्हाच हे पाप नव्हे, आनुवंशिक शापही नव्हे, हे सिद्ध झाले. सेवाग्रामात परचुरे शास्त्र्यांची शुश्रूषा गांधीजी स्वतःच्या हाताने करीत. आपल्या विदर्भाने दत्तपूर, अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन उभे केले. असे असूनही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात राहिले होते, ते २०१९ साली निघाले. ज्या देशात कायद्याला एवढा वेळ लागला, तेथे गवंड्याच्या भयाला हसण्याचा अधिकार मला नाही. एवढे मात्र प्रत्येकाने जाणावे: फिकट किंवा तांबूस डाग, आणि त्या जागी स्पर्श कळत नाही, ऊनगार समजत नाही, घाम येत नाही, तर त्याच आठवड्यात दाखवावे. आशाताई घरी तपासणीस आल्या तर त्यांना डाग लपवू नये. औषध सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा संभव राहत नाही. त्याचे ताट वेगळे करावयाचे काहीच कारण नाही.

याच्या उलट, दुधासारखे पांढरे शुभ्र डाग, ज्यांना आपण कोड म्हणतो, ते कुष्ठरोगाचे नव्हेत. कोड आणि कोढ या दोन शब्दांत एका अक्षराच्या उच्चाराचे अंतर आहे, आणि त्या अंतरापायी किती मुलींची लग्ने मोडली असतील! कोडात रंग निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात, एवढेच. स्पर्श शाबूत असतो, कोणाला लागत नाही, आणि लवकर उपचार केले तर पुष्कळांचा रंग परतही येतो.

आपल्या जिल्ह्यातलीच एक अलीकडची हकीकत सांगतो. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस झपाट्याने गळू लागले. तीनचार दिवसांत डोके मोकळे! वृत्तपत्रांनी 'टक्कल व्हायरस' असे नाव देऊन टाकले आणि त्या गावांशी सोयरिकी करावयास लोक कचरू लागले. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला. मग पाणी तपासले, रक्त आणि केस तपासले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. विंचूदंशावरील संशोधनाबद्दल ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाण्यातल्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरेकाकडे बोट दाखविले. रुग्णांच्या रक्तातही सेलेनियम वाढलेले आढळले. पुष्कळांचे केस पुन्हा आले. दृश्य डोक्यावर आणि संशय ताटातल्या पोळीवर! घरी बसून तेल बदलणाऱ्याला हा पत्ता कधी लागला असता काय?

आता जावे कोठे, हा प्रश्न उरतो. आमच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. कुष्ठरोगाची आणि खरजेची औषधे सरकारी दवाखान्यात मिळतात, आणि तेथूनच पुढे पाठविण्याची चिठ्ठीही मिळते. जालना जवळ आहे. जालना आणि बुलढाणा या दोन्ही ठिकाणी २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, आणि अधिक अवघड दुखण्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आहेच. आरोग्य केंद्रातून ई-संजीवनीवर दूरच्या डॉक्टरांशी बोलताही येते. पण कातडीचे दुखणे शक्यतो प्रत्यक्ष, दिवसाच्या उजेडात दाखवावे. ताप आणि अंगभर फोड, तोंड-डोळे सोलवटणे, नवीन गोळी घेतल्यावर उठलेले चट्टे, यांत मात्र जवळ असेल त्या दवाखान्यात तत्काळ जावे आणि ती गोळी लगेच दाखवावी.

तज्ज्ञाकडे जाताना नटूनथटून, तेल-हळद-पावडर लावून जाऊ नका. चट्टा जसा आहे तसा दिसू द्या. लाजेच्या जागी असेल तर तसे सांगा. बाई डॉक्टर किंवा परिचारिका जवळ असावी असे म्हणण्यात काही वावगे नाही. घरात आणखी कोणाला खाज आहे, गुरांच्या किंवा कुत्र्याच्या अंगावर काही आहे काय, कामावर कशाला हात लागतो, हे आठवून ठेवा. आणि आजवर जे जे लावले ते लपवू नका. डॉक्टर रागावतील या भीतीने लोक ट्यूब उकिरड्यावर टाकून येतात, आणि मग वेषांतर केलेला रोग ओळखावयास आम्हांला दुप्पट वेळ लागतो. ट्यूब रिकामी असली, चपटी झाली असली, तिच्यावरचे नाव अर्धे पुसले असले तरी चालेल. ती पिशवीत टाकून बरोबर घेऊन या.